‘मम्मीला आणायला मी येणार नाही’

प्रश्न: माझी पत्नी नर्स आहे. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वैद्यकीय पथकाबरोबर ती दोन महिन्यांसाठी आफ्रिकेत सेवेला गेली होती, येत्या शनिवारी परत येते आहे. सात वर्षांची मुलगी रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करायची. आता मात्र म्हणते, “मी एअरपोर्टवर येणार नाही.” माझी आई तिला समजावते, “मम्मी प्रभूच्या कामाला गेलीय, असं रुसू नये.” त्यावर ती आणखीच गप्प होते. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तिचं स्वागत आणि साक्ष (सेवेचे अनुभव सगळ्यांसमोर सांगणं) ठेवली आहे. काय करावं?

उत्तर: प्रिय बंधू,

मुलीच्या रुसण्याने घाबरू नका. मम्मी खरंच येतेय हे कळल्यावरच तिला रागवायची हिंमत झाली असावी. आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांना हेच दिसलं होतं: आई परत आली की मूल आधी तोंड फिरवतं आणि मग तिला क्षणभरही सोडत नाही. त्यांनी पाहिलेली मुलं तुमच्या लेकीहून बरीच लहान होती, पण सात वर्षांचं मनही फार वेगळं नसतं.

आजींचं म्हणणं श्रद्धेचं आहे, तरी त्यांना प्रेमाने थांबवा. मम्मीवर रागावणं म्हणजे देवावर रागावणं, असं त्या लेकराला ऐकू येतं. मग तिने बोलायचं तरी कुणाशी? बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात दावीद खुद्द परमेश्वरालाच ‘कोठवर? कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो. शास्त्रात तक्रारीला एवढी जागा आहे, तर तुमच्या घरच्या प्रार्थनेतही असू द्या. आज रात्री तिला म्हणा, “तुला मम्मीचा राग आलाय, तेही देवाला सांग.” ती जे बोलेल ते सुधारायला जाऊ नका.

एअरपोर्टवर यायचं की आजींजवळ थांबायचं, हे तिला ठरवू द्या. पत्नीला मात्र हे फोनवर आधीच सांगून ठेवा. दोन महिन्यांनी परतणाऱ्या आईला रिकामा दरवाजा अचानक दिसला, तर फार लागेल.

रविवारच्या साक्षीबद्दल माझं मत ठाम आहे: ती पुढे ढकला. प्रेषित सेवेवरून परतले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि प्रभूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं. मार्कच्या सहाव्या अध्यायात हे आहे. पौल आणि बर्णबा या प्रचारकांनी अंत्युखियाला परतल्यावर मंडळी जमवून सगळं सांगितलं, हेही खरं. ज्यांनी प्रार्थनेने पाठवलं, त्यांचा ऐकण्याचा हक्क आहेच. पण तो दोन आठवड्यांनीही पुरा करता येईल. पाळकसाहेबांना आजच फोन करा. घरातल्या मुलीने आईच्या आठवणी पहिल्यांदा मंडळीत, गर्दीत बसून ऐकाव्यात हे मला बरं वाटत नाही.

पत्नी परतल्यावर काही दिवस विचित्र वाटेल. भरलेलं कपाट बघून ती चिडेल, तिथल्या एखाद्या रुग्णाच्या आठवणीने जेवता जेवता थांबेल. ‘आता घरी आलीस ना?’ असं म्हणू नका. दुसरीकडे, डबा, शाळा, झोपेची वेळ हे सगळं तुम्ही तुमच्या पद्धतीने बसवलंय. ते पहिल्याच दिवशी तिच्यावर सोपवू नका आणि तिने काही बदललं तर मनाला लावून घेऊ नका.

ती नर्स आहे, तरी एक सांगतो. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही आठवडाभर तर काही चार आठवडे. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कुठे जाऊन आली ते आधी सांगा.

आणि सोमवारची रजा टाकली नसेल तर टाका. मुलगी शाळेत गेल्यावर पत्नीला निवांत बोलायला तुम्ही घरी हवेत.