वस्ताद कोण मोठा?

प्रश्न : रामराम. आम्ही चार-पाच पोट्टे मोबाईलवर बॉक्सिंग पाहतो, लाईन असली अन् नेट चाललं तर. परवा पानटपरीवर वाद झाला का ब्रिटनमधला सगळ्यात भारी ट्रेनर कोण. एक म्हणे ज्याचे वर्ल्ड चॅम्पियन जास्त तो, दुसरा म्हणे जो कॅल्झागी नावाच्या बॉक्सरचा बाप एन्झो, तिसरा म्हणे आता डॉन चार्ल्स, कारण त्याच्या दुबॉनं जोशुआले झोपवलं. भांडता भांडता चहाचे पैसे कोणीच दिले नाही. तुम्हीच निकाल लावा. (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : आधी चहाचे पैसे देऊन या बावा, त्या टपरीवाल्याची यात काय चूक?

आता ऐका. शंकरपटात जोडी पहिली आली का गुलाल धुरकऱ्यावर पडते अन् फोटो मालकाचा निघते, पण ते बैल गोऱ्हे होते तेव्हापासून ज्यानं त्यायले सांभाळलं, पळाची सवय लावली, तो गडी तिकडं गर्दीत बिडी ओढत उभा असते. बॉक्सिंगमध्ये डिट्टो हेच आहे. चॅम्पियनचा पट्टा जिंकला त्या रात्री रिंगच्या कोपऱ्यात जो ट्रेनर उभा असेल त्याच्या नावावर चॅम्पियन जमा होतो, मग पोरगा दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली तयार झाला असला तरी. म्हणून नुसते पट्टे मोजणं मला पटत नाही. तयार जोडी विकत घेऊन पट मारणं वेगळं अन् गोऱ्हा घडवणं वेगळं.

माझं मत विचाराल तर ब्रेंडन इंगल, अन् त्यात मला जास्त विचार करावा लागत नाही. माणूस मूळचा डब्लिनचा, शेफील्डला पोट भरायला आला, स्वतः बॉक्सर म्हणून साधारणच. विंकोबँक भागात चर्चच्या हॉलमध्ये त्याचा आखाडा, जमिनीवर रेघा मारलेल्या, अन् पोरांनी तासनतास त्या रेघांवरून पाय टाकत जायचं, पुढं मागं, डावा उजवा. आपल्याकडं लेझीम शिकवताना पावलं बसेपर्यंत ताल वाढवत नाहीत ना, तसं. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या फाईटमध्ये, डोक्यावर मारायचंच नाही, फक्त अंगावर, त्यामुळं बारकं पोरगं अन् धिप्पाड गडी एकाच रिंगमध्ये उतरू शकत होते. नसीम हमीद तिथं आला तेव्हा सात वर्षांचा होता, इंगलनं म्हणे त्याला बसमधून पाहिलं, शाळेपाशी मोठ्या पोरांशी एकटा भिडलेला. 1995 ला कार्डिफमध्ये स्टीव्ह रॉबिन्सनला हरवून तो चॅम्पियन झाला. पुढं दोघांचं फाटलं, पैशावरून अन् मानावरून, ते आपल्या भावकीत फाटते तसंच, अन् 2001 ला मेक्सिकोच्या बरेरानं नसीमला त्याची एकुलती एक हार दाखवली तेव्हा कोपऱ्यात इंगल नव्हता. इंगल असता तर जिंकला असता असं मी म्हणत नाही, बरेरा त्या रात्री लयच भारी होता.

पण माझ्यासाठी इंगलचा खरा पुरावा नसीम नाहीच, जॉनी नेल्सन आहे. नसीम म्हणजे काळी कसदार जमीन, तिथं पऱ्हाटी कोणीही लावा, बोंडं येतातच. नेल्सन म्हणजे बरड. प्रोफेशनलमधल्या पहिल्या तिन्ही फाईट हरला. 1990 ला वर्ल्ड टायटलची संधी आली तर इतका घाबरून खेळला का लोकांनी हुर्यो उडवली, ड्रॉ सुटली. दुसरा ट्रेनर असता तर म्हणाला असता बाबू दुसरा धंदा पाय. हाच नेल्सन 1999 ला डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा वजनगट) चॅम्पियन झाला, 13 वेळा पट्टा राखला अन् चॅम्पियन म्हणूनच रिटायर झाला. ज्युनिअर विटर अन् केल ब्रूकही त्याच हॉलमधले, ब्रूक 2014 ला वर्ल्ड टायटल जिंकला तेव्हा आखाडा इंगलचा पोरगा डॉमिनिक सांभाळत होता. अन् हेरॉल ग्रॅहॅम, ज्याला हात लावणं मुश्किल, तो कधीच वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही, 1990 ला ज्युलियन जॅक्सनविरुद्ध पुढं होता अन् एका ठोश्यात गेला. पट्टे मोजणाऱ्याच्या वहीत ग्रॅहॅम शून्य आहे. सांगा, ही वही बरोबर आहे का?

एन्झो कॅल्झागीवाला तुमचा दोस्त अगदीच चुकला नाही. सार्डिनियाचा माणूस, बँडवाला, स्वतः कधी बॉक्सिंग केलंच नाही, अन् वेल्समधल्या न्यूब्रिजला पोराला शिकवत बसला. तो पोरगा 46 पैकी 46 फाईट जिंकून रिटायर झाला. लोक म्हणतात पोरगाच तसा होता, बापाचं काय. ठीक, पण मग एन्झो मॅकारिनेली अन् गॅव्हिन रीस हे पण त्याच आखाड्याचे चॅम्पियन कसे? 2007 ला द रिंग या बॉक्सिंगच्या मासिकानं एन्झो कॅल्झागीला वर्षाचा ट्रेनर ठरवलं. मात्र 2008 च्या मार्चमध्ये मॅकारिनेली अन् रीस दोघंही पट्टे घालवून बसले, म्हणून तो माझ्याकडं दोन नंबरवर.

कोपऱ्यातलं काम पाहायचं तर रॉब मॅक्रॅकन. 2009 ला त्याचा बॉक्सर कार्ल फ्रॉच अमेरिकेत जर्मेन टेलरविरुद्ध तिसऱ्या राऊंडला खाली पडला, दोन पंचांच्या कागदावर मागं होता, अन् शेवटच्या राऊंडला काही सेकंद उरले असताना त्यानं टेलरला थांबवलं. वर हाच माणूस तेव्हा ब्रिटनच्या ऑलिम्पिक टीमचा मुख्य होता. 2012 ला लंडनमध्ये पाच मेडल, टोकियोला सहा. पण ऑलिम्पिकवाल्यांच्या पोरांना आधी गावोगावच्या क्लबात कोणीतरी घडवलेलं असते, म्हणजे परत तोच बिडी ओढणारा गडी.

डॉन चार्ल्सचं सांगतो. सप्टेंबर 2024 ला वेम्बलीत दुबॉनं जोशुआला पाचव्या राऊंडला संपवलं, बरोबर. यातलं चार्ल्सचं मोल वेगळंच आहे माझ्या मते. 2020 ला डोळ्याला मार लागला म्हणून दुबॉ गुडघ्यावर बसला, म्हणजे फाईट सोडली, तर लोकांनी त्याला भित्रा म्हटलं, 2023 ला उसिकशी हरला तर परत तेच. अशा पोराला त्यानं परत उभं केलं. ते काम मोठं आहे, पण घडवलं होतं दुसऱ्यांनी, हे टपरीवर सांगा.

प्रश्न : विजेंदर सिंग मँचेस्टरला काहून गेला होता? आपल्याकडं कोच नाहीत का? (अचलपूर)

उत्तर : आहेत की, 2008 चं बीजिंगचं ब्राँझ काय मँचेस्टरहून आलं होतं का? पण ऑलिम्पिकची तीन राऊंडची फाईट अन् प्रोफेशनलची दहा-बारा राऊंडची, हे म्हणजे शंभर मीटर अन् पंढरपूरची वारी. दम वेगळा, अंगावर मार झेलणं वेगळं. ते शिकायला 2015 ला तो तिथं ली बिअर्ड नावाच्या ट्रेनरकडं गेला अन् पहिली फाईटही मँचेस्टरलाच जिंकला. ट्रेनरला तिकडं कमाईचा साधारण दहावा हिस्सा मिळतो, म्हणजे पोरगा उपाशी तर वस्तादही उपाशी.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, तालुक्याला बॉक्सिंग क्लासला जाते. सर दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या मुलींसोबत जोरात फाईट लावतात, म्हणतात भीती निघते. घरचे म्हणतात बंद करा. नागपूरच्या अल्फिया पठाणचं पाहून तिला वेड लागलं आहे. (एक वडील, वाशीम जिल्हा)

उत्तर : दादा, क्लास बंद करू नका, पण हे फाईटचं आत्ताच थांबवायला सांगा. अल्फियानं 2021 ला पोलंडमध्ये यूथचं जागतिक गोल्ड आणलं ते दुसऱ्या आठवड्यात मार खाऊन नाही. वर इंगलचं लिहिलं ते परत वाचा, डोक्यावर मार नाही अन् आधी पाय. दुसरं, सर फाईट थांबवतात का ते पाहा. 2017 ला डेव्हिड हेय नावाचा बॉक्सर लंगडत लंगडत लढत होता, माजी वर्ल्ड चॅम्पियन माणूस, तरी त्याच्या ट्रेनरनं शेन मॅकगिगननं टॉवेल टाकला, म्हणजे हार मानून फाईट थांबवली. ज्याला टॉवेल टाकायची लाज वाटते त्याच्याकडं पोरगी ठेवू नका.

आज रात्री जेवताना तिला विचारा, सरांनी या आठवड्यात पायाबद्दल काय सांगितलं. तिनं उठून करून दाखवलं तर ठीक आहे. नाही दाखवता आलं तर शनिवारी सकाळच्या एसटीनं तिच्यासोबत जा अन् क्लासच्या कोपऱ्यात दोन तास गुपचूप बसा.