वर्गात लॅपटॉप दिले की पोट्टे गेम खेळतात – माझा अनुभव

ताई, तुमची अडचण वाचली. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून, १५ लॅपटॉप आले, आठवीत ४४ पोरं, तुम्ही फळ्याकडे वळल्या की मागे गेम सुरू, आणि मुख्याध्यापक म्हणतात कपाटात ठेवून द्या. मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, सहा वर्षं झाले हेच पाहून राहिलो, म्हणून जरा लांबण लावतो.

कपाटात तर ठेवूच नका. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये टिनाच्या खोलीतलं कपाट म्हणजे भट्टी. पहिल्या वर्षी आम्ही फुल चार्ज करून ठेवले आणि जूनअखेर शाळा उघडली तर तिघांच्या बॅटऱ्या फुगलेल्या. लिथियम बॅटरी भरलेली आणि वरून गरमी, दोन्ही एकत्र आलं की ती लवकर मरते. सुट्टीत ठेवायचेच तर निम्म्या चार्जवर, सावलीच्या खोलीत.

आता गेमचं. मी आधी ओरडून पाहिलं, मशीन हिसकून पाहिलं, नेट बंद करून पाहिलं. नेट बंद केलं तर क्रोममधला तो डायनासोर आला, स्पेस दाबा न् उड्या मारा, अख्खा वर्ग त्याच्यावरच! तेव्हा कळलं का बाप्पा हे नेटचं दुखणं नाही, बसवण्याचं आहे. बाकं भिंतीला लावली, तीन बाजूंनी, पोरांची तोंडं भिंतीकडं, आणि मी मधात उभा. सगळे स्क्रीन एका नजरेत दिसतात, वायरीही भिंतीकडूनच जातात, कोणी अडखळत नाही. फळ्यावर काही सांगायचं असलं की पोरं वळून बसतात, तेवढं चालते.

आणि एकाचा गेम त्याच्यापुरता राहत नाही हे लक्षात घ्या. २०१३ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला होता, त्यात लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांना चाचणीत ११ टक्के कमी मिळाले, पण ज्यांना दुसऱ्याचा तसा स्क्रीन नुसता दिसत होता त्यांना १७ टक्के कमी! ती कॉलेजची पोरं होती, आपली आठवीची आहेत, पण मागच्या बाकावरून पुढचा स्क्रीन पाहणारं पोट्टं तुम्हीही पाहिलंच असेल.

तुमच्याकडं एका लॅपटॉपला तीन जण येतात, खरी गंमत तिथंच आहे. एकाच्या हातात माऊस, दुसरा सांगते, तिसरा रिकामा, आणि कालवा करते तो तिसराच. त्यात माऊस बहुतेक वेळा धटिंगण पोराकडंच, पोरी मागे सरकून पाहत राहतात. म्हणून काम वाटून द्या, एक चालवेल, एक वाचून सांगेल, एक वहीत लिहील, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की जागा बदल. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी पडते तेव्हा गट मोडतात, तेव्हा दोघा-दोघांचे करा, उगाच जुनीच यादी धरून बसू नका.

मी बोलत असलो की झाकण अर्धं खाली. पूर्ण बंद करायला लावू नका, जुनं मशीन झोपलं की उठायला दोन मिनिटं घेते आणि तेवढ्यात वर्ग हातचा जाते.

नोट्स मात्र वहीतच. पेन बरं का कीबोर्ड, ह्याच्यावर बाहेर बरंच संशोधन झालं, २०१४ मध्ये पेन जिंकला, २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तर तेवढं ठाम काही निघालं नाही. आपल्याकडं तो वादच नाही, पोरं मराठी टाईप करताना 'क्ष' कुठं आहे ते शोधत बसतात न् कान बंद.

सॉफ्टवेअर हवंच असेल तर व्हेयॉन टाका, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालते, नेट नसलं तरी साध्या राऊटरवर सगळे स्क्रीन तुमच्या मशीनवर दिसतात आणि लॉकही करता येतात. प्रत्येक लॅपटॉपवर एकदा बसवावं लागते, एक रविवार जाईल. पण मी त्याच्या भरवशावर बसत नाही, लाईन गेली की राऊटर बंद, मग काय पाहता!

आणि काहून कोण जाणे, एक्स्टेन्शन बोर्ड सगळे स्वस्तातलाच घेतात. आयएसआय मार्कचा घ्या, आमचा पहिला दुसऱ्याच महिन्यात वितळला.