मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पातळ फ्लेकमधून सेकंड हार्मोनिक येत नाही. लेझरची पॉवर वाढवू का?

नका वाढवू. सेकंड हार्मोनिक म्हणजे लेझरच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश. हा क्रिस्टल एकावर एक रचलेल्या थरांचा असतो, आणि तो प्रकाश निघणार की नाही हे थरांच्या संख्येवर ठरतं. म्हणून आधी तुमच्या फ्लेकमध्ये, म्हणजे सोललेल्या तुकड्यात, थर किती आहेत ते सांगा. तुम्ही नुसतं "पातळ फ्लेक" लिहून मोकळे झालात.

माझंच सांगते. एमएस्सीचा प्रोजेक्ट, नागपूरचा मे महिना, बाहेर 45 अंश. दिवसभर सेलोटेपने क्रिस्टल सोलत बसायचं. त्या उकाड्यात टेपचा गोंद पाघळतो आणि सिलिकॉनवर चिकट डाग राहतात. कूलर लावला तर दमट हवा, बंद केला तर आपणच पाघळतो. सीताबर्डीत मिळतील तेवढ्या जातीच्या टेप आणून पाहिल्या. अकराव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एक फिकट निळसर तुकडा दिसला, जेमतेम 15 मायक्रॉनचा. सर म्हणाले, "सिंगल लेयरच आहे, रंगावरून कळतं ना." मी म्हटलं, "सर, एकदा रामन घेऊन पाहू." (रामन म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा ग्राफ, त्यातल्या शिखरांवरून थर मोजता येतात.) तर म्हणे, "वेळ कुठं आहे बाप्पा?"

यासाठी लागणारा फेमटोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय लहान स्पंदांचा लेझर, आमच्याकडे नव्हता. मुंबईच्या एका लॅबने दोन दिवस दिले होते. तो तुकडा असलेल्या सिलिकॉन चिपची डबी उशाशी घेऊन विदर्भ एक्सप्रेसने गेले, रात्रभर डोळा लागला नाही. 800 नॅनोमीटरचा किरण टाकला, 400 वर शुकशुकाट. सरांचा फोन, "पॉवर वाढव." वाढवली. "अजून वाढव." तिसऱ्यांदा वाढवली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्लेकच्या मधोमध पांढरं भोक पडलेलं दिसलं.

परत आल्यावर सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, "हिच्या हाताला सफाई नाही."

मग उरलेल्या कडेचं रामन मीच घेतलं. दोन शिखरांतलं अंतर 22 वेव्हनंबरच्या (रामनमधलं मोजायचं एकक) आसपास. एका थराला ते साधारण 19 असतं. म्हणजे आमचे दोन थर होते. (ज्यांच्या नावाची ही पद्धत, ते सी. व्ही. रामन कोलकात्याला प्राध्यापक होण्याआधी काही काळ नागपुरात अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात नोकरीला होते. त्यांनी नोकरी केली त्याच गावात रामन घ्यायला वेळ नव्हता, घ्या!)

दोन थरांत दुसरा थर पहिल्याच्या उलटा बसतो. वरच्याने काढलेला सेकंड हार्मोनिक खालचा खोडून टाकतो. एका थराला सिग्नल, दोनाला जवळपास शून्य, तिनाला पुन्हा सिग्नल. पॉवर दुप्पट केली की सिग्नल चौपट होतो हे खरं, पण शून्याची चौपट शून्यच. जळतो तो फ्लेक.

1961 साली मिशिगन विद्यापीठात फ्रँकेन आणि मंडळींनी रूबी लेझरने क्वार्ट्झमधून पहिल्यांदा सेकंड हार्मोनिक मिळवला. तो बारीक ठिपका छापताना डाग समजून पुसला गेला असं सांगतात. त्यांचा असलेला सिग्नल लोकांना दिसेना, आमच्या सरांना नसलेला हवा होता.

हे सगळं 2एच रचनेबद्दल, म्हणजे एकाआड एक थर उलटा बसतो त्या रचनेबद्दल चाललंय, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमचा क्रिस्टल 3आर (सगळे थर एकाच दिशेने बसलेला) असेल तर थर वाढतील तसा सिग्नल वाढतो, मग कारण वेगळं शोधा. भट्टीत वाढवलेले दोन थर असतील तर ते कोणत्याही कोनात बसलेले असू शकतात, तिथेही माझं गणित लागू नाही. आणि डिटेक्टरपुढे पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी काच), आडवा किंवा उभा, असेल तर सॅम्पल फिरवून बघा. कोनानुसार सिग्नलचा ग्राफ काढला की सहा पाकळ्यांचं फूल निघतं, दोन पाकळ्यांच्या मध्ये चांगला एक थरही शून्य दाखवतो. लेझरचा प्रकाश अडवणारा फिल्टर तपासलाच असेल, असं धरते.

तुमच्याही गाइडनीच पॉवर वाढवायला सांगितलं असेल, तर रामनचा ग्राफ प्रिंट काढून टेबलावर ठेवा. मी ठेवला होता. सरांनी चष्मा लावून पाहिला, "असं होय," म्हणाले आणि चहा सांगितला. हाताच्या सफाईबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.