चार फुटी टँक घेतोय, मासे कधी सोडू?

प्रश्न: ताई नमस्कार, मुलं कधीपासून मागे लागलीयेत म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक घेतोय. आधी घरात साधा बाऊलपण नव्हता. शेजारी म्हणतात नवख्या माणसाला एवढा मोठा झेपणार नाही, दुकानदार म्हणतो आज पाणी भरा आणि उद्या मासे घेऊन जा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, स्लॅब वजन घेईल ना? लिस्ट अशी केलीये: दोन एंजल, दहा निऑन टेट्रा, चार गोल्डफिश, दोन शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर. (वाचक, चिंचवड)

उत्तर: मोठा टँक घेताय हे उत्तम करताय, शेजाऱ्यांचं अजिबात मनावर घेऊ नका. पाणी जास्त असलं की सगळं हळू बिघडतं, एखाद दिवशी खाणं जास्त पडलं तरी सव्वादोनशे लिटरमध्ये ते पचून जातं, छोट्या बाऊलमध्ये तेवढ्यानंच मासा जातो.

वजनाचं म्हणाल तर पाणी, काच, वाळू, स्टँड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास जाईल. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून डिझाइन करतात, पण तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक खोलीच्या मधोमध नको, खाली बीम असलेल्या भिंतीला लांबी लावून ठेवा. बाल्कनीत तर नकोच. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा गळती असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. स्टँड स्पिरिट लेव्हलनं तपासा, टँकखाली थर्माकोलची शीट घाला, आणि खिडकीचं ऊन थेट पडत नाही ना ते बघा नाहीतर शेवाळ काढता काढता जीव जाईल.

आता मुख्य मुद्दा. उद्या मासे आणू नका, कृपा करून आणू नका. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर वाढतात आणि त्यांची वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. नव्या टँकचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून माणूस फसतो, अमोनिया डोळ्यांना दिसतच नाही.

म्हणून असं करा. वाळू धुऊन घाला, पाणी भरा, अँटी-क्लोरीन टाका, फिल्टर सुरू करा, आणि मासे नसताना रोज चिमूटभर फिश फूड टाकत रहा, ते कुजून अमोनिया होतो आणि बॅक्टेरियांना खायला मिळतं. ओळखीत कुणाचा निरोगी जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा स्पंज आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, काम बरंच लवकर होतं. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरून सगळं पाणी काढू नका, ते आपोआप निवळतं.

लिक्विड टेस्ट किट मात्र घ्याच, दिव्यांवर कमी खर्च करा हवं तर. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, काही मिनिटं थांबायचं. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये रंग पिवळा राहिला म्हणजे शून्य, हिरवट झाला म्हणजे अमोनिया आहे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, आणि खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्य यायला लागले आणि नायट्रेट दिसलं की टँक तयार. तेव्हाही एकदम सगळे मासे नकोत, पहिले सहा-आठ सोडा आणि दोन आठवडे थांबा.

लिस्टमधून गोल्डफिश काढा, त्यांना थंड पाणी मानवतं आणि घाण फार करतात. एंजल मोठे झाले की निऑन गिळतात, दोन्ही एकत्र नकोत. शार्क म्हणून जो विकतात तो पंगस, बासा म्हणून ज्याचे फिले मिळतात तोच, मीटरभराच्या वर जातो, चार फुटात त्याला वळताही येणार नाही. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी येत असेल तर मोली, प्लॅटी, गप्पी छान राहतात. हिवाळ्यात तुमच्याकडे रात्री पारा बराच उतरतो, 200-300 वॅटचा हीटर लावून पाणी 25-26 अंशांवर ठेवा, तापमान वरखाली झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन धरतो.

आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज धुवायचा तर बादलीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात, नळाखाली नाही, क्लोरीननं वस्ती मरते.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळ्यात चार-पाच तास लाईट जाते, मासे टिकतील का? (वाचक, जालना)

उत्तर: टिकतील, हवा चालू राहिली पाहिजे एवढंच. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा किंवा साधा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. लाईट नसताना खाणं देऊ नका. कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर) बरेच तास बंद राहिला तर आतलं साचलेलं पाणी आधी ओतून टाका, मगच सुरू करा.

प्रश्न: सकर फूटभर झालाय, मावत नाही. नदीत सोडला तर जगेल ना? (वाचक, इंदापूर)

उत्तर: जगेल, आणि म्हणूनच सोडायचा नाही. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर हाडांचं कवच, आपल्याकडच्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कुणी नाही. तुमच्या शेजारच्या उजनीत हाच मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येतोय, काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला भाव काहीच नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांचं नुकसान होतं हो. विहिरीत, ओढ्यातही नको, पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं सांगता येत नाही. दुकानदार परत घेतो का विचारा, बरेच जण घेतात, नाहीतर सहा फुटी टँकवाला कुणी शोधा. आणि पुढच्या वेळी काच साफ करायला स्पंज घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.