मनोराज्य, रामराज्य की युटोपिया?

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी विचारलंय: नातीच्या हिंदी पुस्तकात ‘यूटोपिया’ (आदर्श समाजाची कल्पना) आला, तिला मराठीत काय सांगू, मनोराज्य की रामराज्य?

मनोराज्य नकोच. त्या राज्यात माणूस एकटा असतो आणि फायदाही त्याचाच. पंचतंत्रातला ब्राह्मण सातूच्या मडक्यावरून शेळ्या, गुरं, घर, बायको, मुलगा इथवर जाऊन पोहोचतो आणि लाथ झाडून मडकंच फोडतो. ते खरं मनोराज्य. इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ साली लॅटिनमध्ये रंगवलेल्या युटोपिया बेटावर सगळ्यांच्याच जगण्याची घडी बसवलेली आहे. काम दिवसाला सहा तास, खासगी मालमत्ता नाही, सोन्याचा मोह सुटावा म्हणून सोन्याची शौचपात्रं आणि गुलामांच्या अंगावर सोन्याच्या बेड्या. (या आदर्श बेटावर गुलाम होते, हे कौतुक करणारे सोयीने विसरतात.) मनातले मांडे खाणाऱ्याला एवढा हिशेब लागत नाही.

रामराज्याचं म्हणाल तर तिथे सगळं राजाच्या सद्‌गुणांवर चालतं. युटोपियाचा भर व्यवस्थेवर. त्यापेक्षा संत रविदासांचा ‘बेगमपुरा’ मला जवळचा वाटतो. बेगमेचं नव्हे, बे-गम, म्हणजे जिथे दुःख नाही असं शहर. तिथे कराची धास्ती नाही, आणि ‘दोम न सेम’, कुणी दुय्यम-तिय्यम नाही. आपल्या इंदुरी कानांना त्याचा अर्थही फोडून सांगावा लागत नाही.

मोरने ग्रीकमधली कोटी केली होती: ‘कुठेच नसलेली जागा’ आणि ‘चांगली जागा’, या दोन अर्थांचे शब्द इंग्रजी उच्चारात सारखेच. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस दुसऱ्या अर्थाचा आग्रह धरायचे. आहे तेच गाव जितकं चांगलं करता येईल तितकं करायचं, हा त्यांचा युटोपिया. होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा करायला ते आले तेव्हा शहर प्लेगने गांजलेलं होतं. १९१७च्या दिवाळीत ते एका दिवसाचे महाराज झाले आणि जाहीर केलं, जो रस्ता सगळ्यात स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाईल! घरोघर झाडलोट, डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीरही होता. १९१८ साली त्यांचा दोन खंडी अहवाल आला.

या अर्थासाठी मी ‘सुग्राम’ वापरेन. ‘सुस्थळ’ जास्त नेमकं होतं, पण स्थळ म्हटलं की आपल्याकडे आधी पत्रिका निघते. मोरच्या आणि त्यामागून आलेल्या तसल्या पुस्तकांना मात्र ‘युटोपिया’च राहू द्या, शब्द रुळलाय. कुणी एखाद्या योजनेला ‘युटोपियन’ म्हणून नाक मुरडत असेल, तर तिथे ‘मनोराज्य’ खुशाल वापरा.

लिहिताना मराठीत ‘यु’ ऱ्हस्व, युरोपसारखा. हिंदीच्या वहीत दीर्घ. आणि मराठीत तो पुल्लिंगी: मोरचा युटोपिया.