कॉलर फुगते, बाहीला चुण्या पडतात: मशीन बदलण्याआधी हे तपासा

तुम्ही शिवलेल्या शर्टाबद्दल तुमच्या तक्रारी तीन आहेत: पहिल्याच धुण्यात कॉलरवर फुगे आले, बाही मुंढ्यात (बाही जोडायच्या गोल कापात) बसवताना चुण्या पडल्या आणि बाजूच्या शिलाया आक्रसल्या. यावर उपाय म्हणून पायाचं मशीन काढून ऑटोमॅटिक घ्यावं का, आणि यानंतर जाकीट जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मशीनवर एवढ्यात पैसे घालू नका. सरळ टाका नीट पडत असेल तर पायाचं काळं मशीन शर्टाला पुरून उरतं. शर्टात झिगझॅग लागतो तो फक्त काजाला, आणि काज-बटण बाहेरून करून मिळतं. तुमचे पहिले दोन दोष कात्री आणि इस्त्रीचे आहेत. तिसरा सुईदोऱ्याचा, तो सगळ्यात स्वस्तात सुटेल.

आधी कापड. पॉपलिन किंवा केंब्रिक पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, खादी आणि हातमागाचं त्याहूनही जास्त. ४० सेंमीचा गळा ३ टक्के आटला तरी सव्वा सेंमी गेला, म्हणजे वरचं बटण लागणार नाही. म्हणून शर्ट पुढे जसा धुणार तसंच कापड कापण्याआधी धुवा. पुढे गरम पाण्यात टाकणार असाल तर आत्ताही गरम पाणीच. सावलीत वाळवून किंचित ओलसर असताना इस्त्री करा. मग टोकापासून एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापड सरळ करून घ्या. दुकानात टर्रकन फाडून दिलेलं कापड सरळ दिसतं, पण त्याची कड बऱ्याचदा ताणलेली असते. ४० इंच छातीच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) १.६० मीटर लागतं, ३६ इंच पन्ह्यात साधारण अडीच मीटर. आटण्यासाठी १० सेंमी जास्त घ्या आणि मोठ्या चौकटी जुळवायच्या असतील तर आणखी २५ सेंमी. पहिला शर्ट चौकटीचा नकोच.

अंगाची मापं घेऊन थेट चांगल्या कापडावर आखू नका. नीट बसणारा जुना शर्ट उसवा, त्याच्या तुकड्यांवरून कागद (कापण्याचा कागदी नमुना) काढा आणि तो मांजरपाटावर शिवून पाहा. छातीच्या मापात १० ते १२ सेंमी सैलपणा हवा. घट्ट फिटिंग आवडत असेल तरी ७-८ च्या खाली गेलात की हात पुढे घेताना पाठीवर ताण येतो.

आता कॉलर. फुगे येतात ते तीन कारणांनी: कापड आटतं आणि फ्युजिंग, म्हणजे आतून इस्त्रीने चिकटवायचं कडक कापड, आटत नाही (किंवा उलट), चिकट थर पुरेसा वितळलेला नसतो, किंवा इस्त्री सरकवल्यामुळे फ्युजिंग ताणलेल्या स्थितीत चिकटतं. सुती विणीचं फ्युजिंग घ्या. ते कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून न पिळता वाळवा. इस्त्री कॉटनच्या खुणेवर ठेवा, वाफ बंद. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, तिथे दाब पडत नाही. म्हणून प्रत्येक जागा थोडी सरकून दुसऱ्यांदा दाबायची. एका जागी १२ ते १५ सेकंद अंगाचा भार देऊन दाबा, इस्त्री उचला, पुढे ठेवा. घासायची नाही. झाल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत तुकडा हलवू नका, कारण डिंक थंड होतानाच धरतो. १० सेंमीचा चौकोन आधी करून धुऊन बघा. नखाने कड सुटत असेल तर त्या कापडाशी ते फ्युजिंग जमत नाही.

फ्युजिंग कॉलरच्या वरच्या पानाला (दुमडणाऱ्या भागाच्या दिसणाऱ्या थराला) लावा. जाड असेल तर शिलाईची माया (शिलाईबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) सोडून कापा, नाहीतर टोकाशी चार थर गोळा होतात. खालचं पान बाहेरच्या तिन्ही कडांनी २ मिमी लहान ठेवा, मग शिलाई आपोआप खाली वळते आणि वरून दिसत नाही. टोकाजवळ टाका दीड मिमीवर आणा आणि अगदी टोकावर एक टाका आडवा घ्या. टोक उलटवायला कात्री खुपसू नका. तो आडवा टाका घालण्याआधी दुहेरी दोरा दोन पानांच्या मध्ये, टाक्याला अडकेल असा ठेवायचा आणि कॉलर उलटवताना तो ओढायचा. टोक सुईसारखं निघतं. मागच्या मध्यावर कॉलरची पट्टी (गळ्याभोवती उभा राहणारा भाग) ३ सेंमी असेल तर पान निदान ४ सेंमी हवं, नाहीतर गळ्याची शिलाई उघडी पडते.

गळा कापल्याबरोबर कडेपासून ५-६ मिमीवर एक साधी शिलाई मारून ठेवा. गळ्याची कड तिरप्या धाग्यावर येते आणि नुसत्या हाताळण्याने लांबते. मग पट्टी लहान पडते, आणि दोष पट्टीच्या मापाला दिला जातो.

बाहीचं दुखणं बहुतेकांचं एकच. शिवणक्लासात आधी ब्लाउज येतो आणि ब्लाउजच्या उंच गोलाईची (बाहीच्या वरच्या फुगीर वक्राची) बाही शर्टालाही तशीच कापली जाते. ब्लाउजला किंवा कोटाला बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा मोठी चालते, कोटाला ३-४ सेंमीसुद्धा, कारण तिथे ती जास्तीची लांबी वाफेने जिरवतात. पॉपलिन इतकं दाट विणलेलं असतं की ते फारसं काही जिरवून घेत नाही. शर्टाच्या बाहीची शिलाई-रेषा मुंढ्यापेक्षा अर्धा ते एक सेंमीच मोठी हवी. मोजताना टेप कडेवर उभी धरून शिलाईच्या रेषेवरून फिरवा. कापलेल्या कडेवर मोजलं तर बाही असते त्याहून मोठी आणि मुंढा असतो त्याहून लहान दिसतो, आणि कागद नको तिथे सुधारला जातो.

४० इंच छातीला गोलाईची उंची (बगलेच्या रेषेपासून वरच्या टोकापर्यंत) १० ते १२ सेंमी पुरे. तुमची १५-१६ असणार. ती २ सेंमीने कमी केलीत की गोलाई छोटी होते, म्हणून बगलेचं प्रत्येक टोक सव्वा सेंमीपर्यंत बाहेर घ्या, वक्र पुन्हा काढा आणि पुन्हा मोजा. हे दोन-तीनदा करावं लागतं, त्याला पर्याय नाही. उंची कमी केल्यावर हात खाली असताना काखेत थोडी घडी दिसते. ती शर्टात असतेच. ती घालवायला गेलात की हात वर करताना अख्खा शर्ट वर येतो.

बाही गोल शिवून मुंढ्यात बसवू नका. आधी खांद्याची शिलाई, मग बाही सपाटच जोडायची आणि त्यानंतर बाजू आणि बाहीची खालची शिलाई एका ओळीत. जोडताना बाही खाली, दात्यांकडे (कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दातांकडे) ठेवा. दाते खालचा थर जरा जास्त ओढतात, त्यामुळे तो अर्धा सेंमी आपसूक खाल्ला जातो. दुमडीची शिलाई (कच्च्या कडा आत झाकणारी) करायची तर बाहीला १५ मिमी माया, मुंढ्याला ७. बाहीची माया जोडण्याआधीच ६ मिमी दुमडून इस्त्री करून ठेवा. जोडल्यानंतर वक्रावर ती सारखी दुमडणं फार किचकट जातं. मग ती मुंढ्याच्या मायेवरून वळवून शर्टाच्या अंगावर शिवायची.

आक्रसलेल्या शिलायांसाठी सुई पाहा. पायाच्या मशीनला बऱ्याचदा १६ नंबरची सुई लागलेली असते. पॉपलिनला ११, जाड खादीला १४. टाका २ ते २.५ मिमी, म्हणजे इंचात १० ते १२. पॉलिएस्टर दोरा बॉबिनवर जोरात भरला तर ताणलेला बसतो आणि शिवल्यावर आखडतो, म्हणून निम्म्या वेगाने भरा. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) दोऱ्याने लटकवून हलका झटका द्या: ती दोन-चार सेंमी खाली येऊन थांबली पाहिजे. आलीच नाही तर स्क्रू पाव फेरा सैल. मग वरच्या दोऱ्याचा ताण त्याला जुळवा. शिलाई उघडण्याआधी ती आहे तशीच एकदा इस्त्रीने दाबून घ्या, अर्ध्या सुरकुत्या तिथेच जातात.

जाकिटाबद्दल. दुसरा शर्ट जमला की बिनबाहीचं बंद गळ्याचं जाकीट घ्या. कोट इतक्यात नको. बाही नाही, खांद्याचा उभार नाही, आणि पट्टीची कॉलर तुम्हाला शर्टातून आलेलीच असेल. ५८ इंच पन्ह्यात सव्वा मीटर कापड आणि तेवढंच अस्तर पुरतं. खण वापरायचा असेल तर त्याचा पन्हा अरुंद असतो आणि कडा भराभर उसवतात. कागद आधी कापडावर मांडून पाहा, तुकड्यांना मागून पूर्ण फ्युजिंग लावा आणि मगच कापा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते अस्तरात, कारण बाजू आधी शिवल्या तर मुंढा उलटवताच येत नाही. क्रम असा: वरच्या कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे खांदे जोडा. अस्तराच्या पाठीच्या मध्यावर वर २ सेंमीची चुणी ठेवा, ती नसेल तर हात पुढे घेताना अस्तर फाटतं. तयार कॉलर गळ्याच्या मध्ये ठेवून दोन्ही थर सरळ बाजू आत करून गळा, पुढच्या कडा आणि दोन्ही मुंढे शिवा. बाजू आणि खालचा घेर उघडा. वक्रांवर दर सव्वा सेंमीला मायेत कात्रीने छेद द्या, टाक्यापासून २ मिमी अलीकडे थांबून. मग पुढचे दोन्ही भाग खांद्याच्या बोगद्यातून पाठीकडे ओढून बाहेर काढा. आता प्रत्येक बाजू वरच्या कापडापासून अस्तरापर्यंत एका सलग रेषेत शिवा, मुंढ्याची शिलाई शिलाईवर जुळवून. शेवटी जाकीट पुन्हा उलटं करून खालचा घेर शिवा, पाठीत १५ सेंमी उघडं ठेवून. तिथून सुलटवा आणि ती फट हातशिलाईने बंद करा.

बटणांचं आधी ठरवा: एक बटण छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर आलंच पाहिजे, बाकीची त्यावरून वर-खाली ८ ते ९ सेंमीवर मोजायची. शर्टाला १८ लाइनचं, म्हणजे साधारण ११.५ मिमीचं बटण आणि १३-१४ मिमीचं काज. काजवाल्याकडे देताना खुणा खडूने नको, धुऊन जाणाऱ्या पेनाने करा. खडू हाताळण्यात पुसतो आणि मग काज त्याच्या अंदाजाने पडतं.