आतलंच तर काम आहे, परवानगी कशाला?

मुंबईतल्या दुसऱ्या श्रेणीच्या वारसा इमारतीचा तळमजला भाड्याने घेऊन तुम्ही रेस्टॉरंट थाटलंत. लोखंडी पोटमाळा उभारला, जुन्या तुळया फॉल्स सीलिंगने झाकल्या, ओपन किचनसाठी एक कमान फोडली. आता पालिकेची कलम ५३ची, म्हणजे विनापरवाना काम हटवा सांगणारी नोटीस आली, आणि तुमचा प्रश्न: बाहेरून हात लावला नाही, मग परवानगी कशाला? असं विचारणारे तुम्ही पहिले नाही.

१९६६च्या नगररचना कायद्यातल्या कलम ४३मध्ये आतल्या कामांना सूट आहे, हे तुमच्या कंत्राटदाराने बरोबर सांगितलं. फक्त ते वाक्य त्याने शेवटपर्यंत वाचलं नाही. वारसा इमारत आणि वारसा परिसर या सुटीतून वगळलेले आहेत. तुमचा बचाव तिथेच संपतो.

तुमच्या पत्रात दिव्यांच्या रंगछटांवर दीड पान आहे. नोटीस हातात कधी पडली, ते कुठेच नाही. सगळं त्या तारखेवर अडलंय. नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ५३(३) खाली, झालेलं काम कायम ठेवण्यासाठी कलम ४४चा, म्हणजे परवानगीचा अर्ज करता येतो. त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर काम पाडता येत नाही. मुदत गेली असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ता उरतो, आणि तो किती लांबेल ते मी सांगू शकत नाही. दिवाणी कोर्टातून स्टे आणायचं मनात असेल तर आधी कलम १४९ वाचा: अशा नोटिशीला दाव्यात आव्हान देता येत नाही, असं ते सांगतं. नोटीस अगदीच अधिकाराबाहेरची असल्याशिवाय तिथे महिने वाया जातात.

अर्ज मंजूर होईलच असं नाही. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल साधारणपणे चालतात, पण छाननी कडक असते. सीलिंग आणि पोटमाळा मूळ बांधकामाला धक्का न लावता काढता येत असतील, तर वारसा समितीपुढे बोलायला जागा आहे. कमानीचं अवघड आहे. संवर्धन वास्तुविशारदाकडून ती पुन्हा बांधण्याचा आराखडा अर्जासोबतच जोडा. कामाआधीचे फोटो आहेत ना?

मालकाची लेखी संमतीही तुम्ही सांगितलेली नाही. तुमच्या कराराला भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर मालक जागा कधी खाली करून मागू शकतो हे सांगणाऱ्या त्याच्या कलम १६मध्ये फॉल्स सीलिंग 'कायमस्वरूपी बांधकाम' धरलं जात नाही. मात्र पालिकेची परवानगी लागते तिथे ती घेतलेली असावी लागते. म्हणजे मालकाला जागा खाली करून मागायचं निमित्तही तुम्हीच दिलंत.

नोटिशीचा लिफाफा फेकला नसेल तर आज शोधा. त्यावरचा तारखेचा शिक्का मला हवा आहे.